चुकलेल्यांचा बाक

भात कापून झालं, पेंढ्या बांधाला लागल्या आणि वसईत ते अंगाला चिकटणारं ऑक्टोबरचं ऊन पडलं, की आमच्याकडे दोन गोष्टी हातात हात घालून येतात. एक म्हणजे फायनलच्या पोरांची प्रॅक्टिकल, आणि दुसरी माझी निंदानालस्ती. तिला हल्ली फीडबॅक म्हणतात. पोरांच्या मोबाइलवर प्रश्न येतात. रेडिओलॉजीच्या शिकवण्यावर तुम्ही किती समाधानी आहात? शिक्षकांच्या अनुभवाचा तुम्हाला कितपत फायदा झाला? मग पोरं चांदण्या वाटत बसतात. मला बहुतेकांकडून एक मिळते, आणि ज्यांचा अंगठा चुकून घसरला त्यांच्याकडून दोन.

माझ्या शेजारच्या खोलीत बसणारा केतन कालपरवा शिकून आलाय. तो पोरांना नोट्स पाठवतो, वाढदिवसाला केक आणतो, परीक्षेला येतील अशा एक्स-रे फिल्म्स आदल्या दिवशी ग्रुपवर टाकतो. त्याला पाच चांदण्या. माझी काही तक्रार नाही. चांदण्याच मोजायच्या असत्या तर मी वाडीत खाट टाकून पडले असते.

यंदा श्रुती नावाच्या मुलीने चांदणीखाली चार ओळी लिहिल्या. 'मॅडम क्रूर आहेत. उत्तर चुकलं की बाहेर पेशंटच्या बाकावर नेऊन बसवतात. फार अपमान वाटतो.' आमच्या विभागप्रमुखांनी मला बोलावलं, चहा मागवला. चहा मागवला की समजायचं, काहीतरी गिळायला लावणार. "मॅडम, तुमचा अनुभव मोठा आहे," ते म्हणाले, "पण तो बाक तेवढा काढू या ना." आज सकाळी दोन माणसं आली आणि बाक उचलून घेऊन गेली. आता तिथे स्टीलच्या खुर्च्या येणार आहेत, एकमेकींना जोडलेल्या. बाकाच्या चार पायांच्या जागी लादी तेवढी स्वच्छ राहिलीय. जाता-येता माझी नजर तिथेच जाते.

क्रूर म्हणे! अगं बायांनो, क्रूर कशाशी खातात ते तुम्हाला ठाऊक तरी आहे का? तुम्ही आमचे सामंत सर बघितले नाहीत.

हायवेच्या पलीकडे आमचं कॉलेज होतं. मागे टेकड्या, पुढे धूळ. पावसाळाभर वर्गातली निम्मी पोरं चिंचोटीच्या धबधब्यावर पडीक असायची. मग पाणी आटायचं, टेकड्यांवरचं गवत पिवळं पडायचं, आणि सगळी एकदम शुद्धीवर यायची, कारण सामंत सरांची पोस्टिंग लागलेली असायची. एक्स-रे विभागाच्या कडेला एक खोली होती. भिंतीवर दुधी काचेची पेटी, आत ट्यूबलाइट. खोलीला डार्करूमचा आंबट वास यायचा, तो एप्रनला लागून घरापर्यंत यायचा. एसी फक्त मशिनला. आम्हाला एक खिडकी, ती सताड उघडी, आणि खिडकीखाली बाहेरच्या बाजूला तो बाक. त्यावर फोटो काढायला आलेली नि रिपोर्टची वाट बघणारी माणसं बसलेली असायची.

सर अंगाने काडी. तोंडात कायम लवंग. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी चिकटपट्टीचा रोल. उभी हयात सरकारी दवाखान्यात घालवून निवृत्तीनंतर ते आमच्याकडे आले होते. आवाज कधी चढायचा नाही. ओरडणारा माणूस परवडतो हो, ओरडून झालं की तो थकतो. हे थकायचे नाहीत.

त्यांची एक पद्धत होती. पेटीवर फिल्म लावायच्या आधी कोपऱ्यातल्या नावावर चिकटपट्टी मारायची. "नाव वाचलंत की दया येते," म्हणायचे, "आणि दया आली की डोळ्यांत पाणी येतं. पाण्यातून फिल्म दिसत नाही." मग बोट रोखायचे. "ऊठ. वाच." ज्याचं नाव घेतलं त्याची पाचावर धारण बसायची. आधी काय चांगलं आहे ते सांगायचं: हृदय, श्वासनळी, पडदा, सगळं ओळीने. मग काय बिघडलंय ते. आणि हे सगळं दोनदा. एकदा इंग्रजीत, परीक्षकासाठी. एकदा मराठीत, बाकासाठी. खिडकीखाली बसलेल्या माणसाला कळेल असं मराठी. त्यात एक शब्द इंग्रजी आला तरी सर म्हणायचे, "बाकाला कळलं नाही. परत."

सगळ्यात वाईट होता तो शेवटचा प्रश्न. रोग गंभीर असला की सर विचारायचे, "किती?" आणि महिन्यांत सांगितलेलं त्यांना चालायचं नाही. "महिने तुमच्या पुस्तकात. बाकावरच्या माणसाला सण सांगा." मग आम्ही सण सांगायचो. दिवाळी होईल, संक्रांत नाही. नाताळ होईल, ईस्टर नाही. पोरं सुरुवातीला हसायची. मग एके दिवशी कोणीतरी आपल्याच आजीच्या वयाच्या बाईचा सण सांगितला, नि हसू बंद झालं.

आणि चुकलात तर? सर लवंग या गालातून त्या गालात न्यायचे आणि म्हणायचे, "मारलास. बाकावर जा." मारलीस, मारलास, जे काय असेल ते. पेशंट तुम्ही मारलात, आता जाऊन त्याच्या नातेवाइकांत बसा. पांढरा एप्रन घालून त्या बाकावर तास संपेपर्यंत बसायचं. शेजारचा म्हातारा विचारणार, डॉक्टर, माझ्या फोटोत काय आलं? शेजारची बाई पदराने वारा घालत विचारणार, पोरी, ह्याला न्युमोनिया तर नाही ना? आणि सरांचा दंडक असा, की बाकावर एक अक्षर बोलायचं नाही. ज्याला वाचता येत नाही त्याने बोलू नये. तुम्ही मान खाली घालून चपलेचा अंगठा बघत बसायचं.

बाकावरच्या माणसांची मात्र एक गंमत होती. वरून खिडकीतून आमचं मराठी खाली पडायचं आणि ती कान देऊन ऐकायची, बातम्या ऐकाव्यात तशी. याला पाणी झालंय, त्याला टीबी आहे, अमक्याला संक्रांत दिसणार नाही. ऐकून चुकचुकायची. एकमेकांना सांगायची, बिचारा हो, कोण असेल कोण जाणे. मी इतक्या वेळा त्या बाकावर बसले, पण एकानेही कधी स्वतःच्या छातीवर हात ठेवून विचारलं नाही, हा मी तर नाही? प्रत्येकाची खात्री, की तो दुसराच कोणीतरी.

आज कोणी असं केलं तर दुसऱ्या दिवशी त्याची क्लिप घराघरांत पोचेल, आणि पोचायलाच हवी. तेव्हा नाही पोचली. आमच्या समाधानाबद्दल तेव्हा कोणी विचारतही नव्हतं.

मी त्या ऋतूत बाकाची मालकीण होते. माझी मैत्रीण मेलिसा, पाचूबंदरची, क्वचित चुकायची. तिला फिल्म नुसती दाखवली की ती ताजं-शिळं ओळखायची. तिची आई मासळी बाजारात बसायची, त्यामुळे असेल. "सोड गं," ती मला डबा खाताना सांगायची, "सरांचं काळीज खारवलंय. मिठात घालून उन्हात टाकलंय. रडून मऊ होणार नाही." मी रडायचे नाही, मी चिडायचे. कारण माझी चूक दर वेळी तीच. फुप्फुसाचं वरचं टोक गळ्याच्या हाडामागे असतं, आणि तिथे बसलेलं दुखणं मला कधी दिसायचंच नाही. सर बोटाने पेटीवर टकटक करायचे. "हाडामागे बघ, म्हात्रे. तुला हाड दिसलं की तू थांबतेस. तुझ्यासारख्यांसाठीच रोग हाडामागे लपतो." एक दिवस त्यांनी स्पष्टच सांगितलं, की अशीच राहिलीस तर मी तुला परीक्षेला बसू देणार नाही. हॉलतिकिटावर त्यांची सही लागायची. मला आठवड्यातून एकदा घाम फुटायचा, तो त्या दिवसापासून रोज फुटायला लागला.

आणि घरी दादांचा खांदा दुखत होता.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. वसईतल्या होळी गावात आमची वाडी, केळी, अळू, बांधाच्या कडेने तगर. दादा तरुणपणी सुपारी पाडताना झाडावरून आपटले होते. डाव्या बाजूचं गळ्याचं हाड मोडलं, ते हाडवैद्याने बसवलं, आणि वाकडं बसवलं. तिथे चांगली लिंबाएवढी गाठ आली होती हाडाची. लहानपणी जत्रेत दादा मला खांद्यावर घ्यायचे तेव्हा मी त्या गाठीला धरून बसायचे. सायकलच्या मुठीसारखी ती माझ्या हाताला सवयीची झाली होती. आमच्या घरात पाऊस यायचा असला की आधी ती गाठ दुखायची, मग ढग यायचे.

त्या वर्षी पाऊस गेला तरी गाठ दुखायची थांबेना. केळीचा घड उतरवताना दादांच्या हातून कोयता सुटायला लागला. करंगळीला मुंग्या येतात म्हणायचे. डाव्या डोळ्याची पापणी जराशी खाली आली, तर आई म्हणाली, "म्हातारपणी डोळा मारायला शिकलात की काय!" आम्ही सगळे हसलो. तेही हसले, आणि मग मुद्दाम दोन्ही डोळे मारून दाखवले. आई रोज रात्री तेल कोमट करून गाठीवर चोळायची. जुनं हाड आहे, दुखायचंच, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. जुन्या दुखण्याचं हेच असतं. ते घरचंच माणूस होऊन बसतं, त्याच्या आडून कोणी दुसरं आत शिरलं तरी आपण विचारत नाही.

गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं, फोटो काढा. मी म्हटलं, आमच्याकडे या, मी बरोबर असेन. दादांचं एकच पालुपद, "येतो, सुकेळी झाली की येतो." राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवायची, हे काम पाऊस गेल्यावरच. अंगणभर फळ्यांवर केळी पसरलेली, त्यांना मधासारखा वास, आणि त्यावर माश्या बसू नयेत म्हणून दादा एका हाताने फडकं हलवत बसलेले. उजव्याच हाताने. मी बाजूला पुस्तक घेऊन फुप्फुसाचे रोग पाठ करत होते. दादा मधूनच विचारायचे, "तो सर अजून बसवतो का गो बाकावर?" मी हो म्हटलं की त्यांना भारी मजा वाटायची. "एक दिवस येऊन बघनार हाय मी. माजी पोरगी बाकावर कशी बसते ते." दादांना शाळेत मास्तर अंगठे धरायला लावायचे, त्या आठवणीने ते खूश व्हायचे.

तो दिवस इतर दिवसांसारखाच चिकट होता. मी मागच्या जिन्याने आले, मला बाक दिसलाच नाही. सरांनी एक फिल्म पेटीवर चढवली, कोपऱ्यात चिकटपट्टी, आणि बोट माझ्याकडे. "म्हात्रे. हाडामागे बघितलंस तर तुझी सही आज करतो. नाही बघितलंस तर पुढच्या वर्षी ये."

मी उठले. समोर एक छाती होती, कोणाचीही असते तशी. मग माझी नजर डाव्या गळ्याच्या हाडावर गेली. हाड मोडून वाकडं जुळलेलं, जुळलं तिथे लिंबाएवढी गाठ.

माझा हात आपोआप मुठीसारखा वळला. हाताला काही गोष्टी डोळ्यांच्या आधी कळतात. आणि तेवढ्यात खिडकीखालून आवाज आला, बाकावरच्या कोणाला तरी सांगत होता, "राजेळीच पायजे. दुसऱ्या केळ्याची सुकेळी होत नाय. चिकट होतात." दादा न सांगता आले होते. माझी गंमत बघायला आले होते. फोटो काढून बाकावर बसले होते, खिडकीच्या बरोबर खाली.

हाडावर मी नेहमी थांबते. त्या दिवशी थांबता येईना. ते हाड मला पाठ होतं, त्यावर बघण्यासारखं नवं काही नव्हतं. मग नजर मागे गेली. गाठीच्या मागे, अगदी वरच्या टोकाला, एक पांढुरकी सावली होती. तिच्याखालची बरगडी असायला हवी तिथे नव्हती. उंदराने कुरतडावी तशी खाल्लेली होती. खांदा, करंगळी, पापणी. सगळं पुस्तकात एका पानावर होतं. ते पान मी सुकेळ्यांच्या शेजारी बसून पाठ केलं होतं.

"वाच," सर म्हणाले.

मला खोटं बोलता आलं असतं. नॉर्मल म्हटलं असतं तर सर म्हणाले असते, मारलीस, बाकावर जा. बाकावर दादा. आणि माझ्यामागून मेलिसा उठली असती आणि तिने सगळं बरोबर वाचलं असतं, कारण ती चुकायची नाही. म्हणजे सावली काही पुसली जाणार नव्हती. फक्त ती दुसऱ्याच्या तोंडून खाली पडली असती. मला ते नको झालं. का नको झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही, पण नको झालं.

मी इंग्रजीत वाचलं. घडाघडा. सरांची लवंग गालात थांबली. "आता बाकासाठी," ते म्हणाले.

"हृदय चांगलं आहे," मी म्हटलं. चांगलं ते आधी सांगायचं असतं. "आकाराला नीट आहे. श्वासनळी मधोमध आहे. उजवं फुप्फुस स्वच्छ आहे. माणूस बिड्या ओढणारा वाटत नाही. कष्टाचा माणूस आहे, हाडं जाड आहेत. गळ्याचं हाड फार पूर्वी मोडलं होतं, ते वाकडं जुळलंय. त्याचा आता काही त्रास नाही." खिडकीखालचा सुकेळ्यांचा आवाज बंद झाला होता. बाक ऐकत होता. "डाव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला गाठ आहे. वाईट गाठ. तिने वरची बरगडी खाल्लीय. खांदा दुखतोय तो त्या गाठीने, जुन्या हाडाने नाही. हाताला मुंग्या येत असतील. तेल चोळून उपयोग नाही. कापून काढता येईल असं वाटत नाही."

"किती?"

मी पेटीकडेच बघत होते. ट्यूबलाइट बारीक गुणगुणत होती. "शिमगा बघतील," मी म्हटलं. "गणपती नाही बघणार."

सरांनी लवंग थुंकली. इतक्या दिवसांत आम्ही त्यांना लवंग थुंकताना बघितलं नव्हतं. आणि म्हणाले, "शाबास." हा शब्द त्यांच्या तोंडून आम्ही कोणीच ऐकला नव्हता. मागून कोणीतरी चक्क टाळी वाजवली. जो बरोबर वाचेल त्याने चिकटपट्टी काढून नाव बघायचं, हा त्यांच्याकडचा मान होता. "काढ पट्टी," ते म्हणाले.

"नको, सर."

"का? हात मोडले?"

"तुम्ही काढा."

त्यांनी नखाने कोपरा उचलला आणि पट्टी सोलली. आमच्याकडे नावाखाली गावही लिहीत. सरांनी ते वाचलं. मग माझ्याकडे बघितलं, मग परत फिल्मकडे. हळू आवाजात विचारलं, "होळीची ना तू?" मी मान हलवली. त्यांना आधी ठाऊक नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन, मी तो चेहरा बघितलाय. त्यांनी पट्टी होती तिथे परत लावली आणि अंगठ्याने दाबून दाबून बसवली. हॉलतिकिटावर सही केली. आणि म्हणाले, "बाकावर जा."

सगळा वर्ग हसला. त्यांना वाटलं, सरांनी थट्टा केली. बरोबर उत्तरासाठी बाकावर पाठवलेली मी पहिली आणि शेवटची. मेलिसा तेवढी हसली नाही. तिने पट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे मध्ये कुठे अडकायला नको. शिमगा दादांनी बघितला. पेटत्या होळीत नारळ टाकायला काठी टेकत गेले. श्रावणात आमची केळी व्यायली तेव्हा अंगणात त्यांची खाट रिकामी होती. मला परीक्षेत रेडिओलॉजीचा फोटो आला तो अगदीच सोपा होता, आणि मी पास झाले. पुढे तोच विषय घेतला. बॅचचं कधी जमलं की सगळे हातात ग्लास घेऊन म्हणतात, सामंत सरांनी आपल्याला घडवलं यार. घडवलं म्हणे! मडकी आहात का रे तुम्ही? मला त्या माणसाचा राग येतो. इतकी वर्षं झाली तरी येतो. आणि त्याहून राग याचा येतो, की हाडामागे बघायला मला त्यांनीच शिकवलं, केतनसारख्या कोणी नव्हे. त्यांना मी किती चांदण्या देऊ? ज्या फिल्मवर मला दिसायला लागलं ती फिल्म ध्यानात घेऊन देऊ, की तिच्याशिवाय?

मी माझ्या पोरांकडून सण सांगून घेत नाही. खिडकी बंद ठेवते. शाबास म्हणत नाही, मला तो शब्द जमतच नाही. पट्टी मात्र लावते, आणि बाक ठेवला होता. का ठेवला होता हे विभागप्रमुखांना चहाच्या कपावरून काय सांगणार? पोरांना वाटतं, बाक अपमानासाठी आहे. दुपारी श्रुती जिन्यात भेटली, म्हणाली, "मॅडम, राग नाही ना आला?" मी म्हटलं, "आलाय." ती कसनुशी हसली. मी म्हटलं, "कालच्या फिल्ममध्ये हाडामागे बघितलंस का?" ती म्हणाली, नाही. "मग जा, बघ जाऊन." गेली बिचारी. उद्या आणखी चार ओळी लिहील. लिहू दे.

तर मी बाकावर गेले. एप्रनची बटणं उगाच लावत, काढत. दादांनी स्वच्छ पांढरा शर्ट घातला होता, लग्नाला जाताना घालायचे तो. मांडीवर केळीच्या वाळक्या पानात बांधलेली सुकेळी. मला बघून सरकले, उजव्या हाताने बाकावर थोपटलं, आणि शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणाले, "ही बगा. हीच ती. मी म्हनलं नवतं, माजी पोरगी हाय म्हनून? आवाज वळखतो मी." म्हाताऱ्याने मला हात जोडले. दादांचा डावा डोळा अर्धा मिटलेला होता आणि उजवा आनंदाने भरून आला होता.

"भारी बोललीस गो," ते म्हणाले. "कुठं अडखळली नाय. आमाला सगळा कळला. शाबास म्हनला ना तुला सर? मी आयकला." मग कपाळाला आठी पडली. "आनि तरी बाकावर?"

"हो."

"कडक हाय." त्यांना ते पसंत पडलं होतं. थोडा वेळ डावा खांदा दाबत बसले. मग माझ्याकडे झुकून, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने त्यांनी विचारलं, "कोन होता गो तो? गनपती नाय बगनार म्हनलीस तो?"

बाकावर बोलायचं नाही, हा सरांचा दंडक. तो मी त्या ऋतूत एकदाच मोडला.

"नाव झाकलेलं असतं, दादा."

"बरा हाय," ते म्हणाले. "आपन तरी कशाला इचारायचा." चुकचुकले. म्हाताराही चुकचुकला. मग दादांनी मांडीवरची सुकेळी उचलून माझ्या हातात दिली. पान अजून उन्हाने कोमट होतं. "जा, तुज्या सराला दे. सांग, दादांनी दिली. लय चांगला शिकवलाय त्याने तुला."

मी उठले, आत गेले आणि दिली.